दसऱ्याच्या पाटावरचा उजवा बूट

मित्रांनो, बोलतोय तो उजवा. फुटबॉलचा जुना, कातडी बूट. डावा शेजारीच आहे, पण तो बोलत नाही.

पूर्वार्ध

इटलीतल्या एका लहान गावात मला हाताने शिवलं. माझा मालक तुल्लिओ मधल्या फळीत खेळायचा. चेंडू हिसकावायचा, पुढच्याला द्यायचा आणि पुन्हा धावायचं, हे त्याचं काम. गोल दुसरे करत, फोटो त्यांचे येत. चौदा वर्षांत तुल्लिओचे गोल तीन. एकदा मात्र प्रशिक्षक म्हणाले, "तू नसलास की सगळ्या संघाला धाप लागते." ते वाक्य त्याने जपलं. सामना संपला की मलाही पुसायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचा.

शेवटची दोन वर्षं तो जपानमधल्या एका छोट्या क्लबकडून खेळला. मग गुडघा गेला.

मध्यंतर

तीन वर्षं. टोकियोतलं हिगाशी-कसाई, तिसरा मजला, दारामागचं चपलांचं कपाट. अंधार.

खरं सांगू? बरं वाटलं.

उत्तरार्ध

दोन हजार सहाचा दसरा. तुल्लिओने आम्हां दोघांना पारदर्शक पिशवीत भरून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येणार होती.

तेवढ्यात शेजारचा नचिकेत आला. मूळचा पुण्याचा, टोकियोतल्याच तोयोसू भागात सॉफ्टवेअरचं काम करणारा. तो आणि त्याचे ऑफिसमधले मित्र शनिवारी नदीकाठी फुटबॉल खेळत. "तुल्लिओ-सान, शिकवा ना," म्हणून तो कधीचा मागे लागला होता. तुल्लिओ गुडघ्याकडे बोट दाखवून नाही म्हणे. आज मात्र नचिकेतचं बोलावणं वेगळं होतं.

"संध्याकाळी पूजेला या. ज्याच्यावर आपलं पोट चालतं, ते हत्यार आज पुजतात. तुमचंही आणा."

तुल्लिओ पिशवी तशीच घेऊन गेला. तिथे पाटावर लॅपटॉप होता, कात्री होती. त्याने गाठ सोडली आणि शेजारी आम्हांला ठेवलं.

"अगं बाई! पाटावर बूट?" नचिकेतची आई, सुप्रभाकाकू, ओरडल्या.

"मला वाटलं, शिट्टी-बिट्टी आणेल," नचिकेत पुटपुटला.

"आई, यांच्यावरच जेवलाय तो चौदा वर्षं," त्याची बायको अनघा म्हणाली. "तुमचा लेक तो लॅपटॉप घेऊन संडासात बसतो, ते चालतं ना?"

"अनघा!"

काकूंनी हसू दाबलं. मला उचलून तळवा पाहिला. चिखलाचा कण नव्हता. मग त्यांनी आम्हां दोघांच्या टोकांवर हळदकुंकू लावलं.

"ही पिशवी कसली रे?"

"उद्या टाकणार आहे तो त्यांना."

"कुंकू लावलेलं कचऱ्यात? सांग त्याला. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी कामाला काढायचं असतं."

नचिकेतने ते जपानीत सांगितलं. तुल्लिओने रिकाम्या पिशवीची घडी घालून खिशात ठेवली.

जादा वेळ

मला कोणी विचारलं नाही.

शनिवारी नदीकाठी अकरा इंजिनियर धापा टाकत होते. गुडघ्याला पट्टा बांधून तुल्लिओ मधोमध उभा राहिला. चेंडू हिसकावला, पुढच्याला दिला. मग लंगडत का होईना, धावला. माझी शिवण कुरकुरली.

घरी आल्यावर पायरीवर बसून त्याने मला पुसलं. कुंकवाभोवतीचंच पुसलं. आत बोळे भरले, या वेळी जपानी वर्तमानपत्राचे.

मित्रांनो, थकलेल्याला खुशाल कामाला काढा. फक्त संध्याकाळी, आत टाकण्याआधी, फडकं हातात घ्या.

कपाटाचं दार लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच डावा बोलला.

"दमलो रे."