भिंतीला टेकवलेला खांब

मी एक जुना पिवळा खांब आहे, मित्रांनो. माझी जागा रस्त्यात आहे, आणि मी मात्र लाँड्रीच्या भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या डोक्यावर कुणीतरी ओले फडके वाळत घातले आहे. यावरून माझा मान तुमच्या लक्षात येईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी नळी कापून तिच्या तळाला कुलूप बसवले, वर पिवळा रंग आणि चमकते पट्टे चढवले. माझे भाऊ सायकलींच्या मार्गिकेच्या कडेने सिमेंटमध्ये कायमचे रोवले गेले. मी मात्र काढता-घालता येणारा. मार्गिकेत झाडलोटीची गाडी शिरावी म्हणून तोंडाशी असा एक खांब लागतो. दाराला कडी असते तसा तिथे मी होतो, आणि मला त्याचा केवढा अभिमान!

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. झाडलोटीच्या गाडीचा चालक सकाळी खाली उतरून मला काढी आणि काम झाले की परत बसवून कुलूप लावी. मग सायकली येत. त्यांत एक शाळकरी मुलगी होती. आधी तिची आई मागून सायकलवर येई आणि ओरडे, "कडेनं चल बाई, कडेनं!" पुढे ती एकटी येऊ लागली. मोटारींच्या रस्त्यावर जायचे नाही, या अटीवर आईने तिला एकटे सोडले होते. जाता जाता ती मला हळूच टपली मारी. एवढे कौतुक मला दिवसभर पुरे.

पुढे चालकाच्या गुडघ्यांनी दगा दिला. रोजच्या चढ-उताराला कंटाळून त्याने किल्ली लाँड्रीवाल्या काकांना दिली.

"काका, तुम्ही दुकान लवकर उघडताच. तेवढा खांब काढून ठेवत जा, मी गेलो की लावून टाका."

माणूस चांगला बघून किल्ली दिली, आणि तिथेच घोडे पेंड खाते. काका चांगले होतेच, पण भिडस्त. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसे.

गिऱ्हाइकांनी हे बरोबर हेरले. "काका, गाडी जरा आत घेतो हं. दोनच मिनिटं."

"अहो, पण सायकलवाले..."

"त्यांचं काय, जातील की बाजूनं!"

काका ओशाळे हसत आणि मला उचलत. बोट दिले तर मनगट धरणारी माणसे ती. हळूहळू मला परत लावणेच बंद झाले.

एके सकाळी आत एक करडी मोटार उभी होती. मुलगी आली, थांबली. तिने एकदा मागे वळून पाहिले आणि वळसा घालायला सायकल मोठ्या रस्त्यावर घेतली. तेवढ्यात त्या मोटारीचे दार धाडकन उघडले. मुलगी रस्त्यावर फेकली गेली. मागच्या टेम्पोने करकचून ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. तिचा हात मोडला, हनुवटी फाटली. मी भिंतीशी उभा राहून सगळे पाहिले. लोखंडाचा असून माझा काय उपयोग झाला?

काही दिवसांनी तिची आई काकांकडे शाळेचा गणवेश घेऊन आली. "डाग जाईल का हो?"

"कसला आहे?"

"रक्ताचा."

काकांचा चेहरा पडला. "जाईल," ते कसेबसे म्हणाले.

"हात बरा होईल म्हणतात डॉक्टर. पण सायकलचं नाव काढलं की पोर थरथरते. विकून टाक म्हणते."

ती गेल्यावर काका बाहेर आले, मला जागेवर बसवले आणि किल्ली फिरवली. उशिरा का होईना, शहाणपण आले असे मला वाटले. मित्रांनो, ते दोन-तीन दिवस टिकले. मग पडद्यांचे मोठे गाठोडे घेऊन एक गिऱ्हाईक आले आणि हॉर्न वाजवू लागले. काकांनी त्याला सगळी हकिकत सांगितली. "अरेरे, फारच वाईट झालं हो," तो कळवळून म्हणाला. "मी लगेच काढतो गाडी, बघा तुम्ही." आणि काकांनी खिशातून किल्ली काढली.

मोठे झाल्यावर तुम्हीही गाडी घ्याल. सायकलींची वाट तुम्हाला रिकामी दिसेल. ती रिकामी नसते, तिथून कुणीतरी येणार असते. तेव्हा गाडी पुढे न्या, लांब लावा, चालत परत या. हे मी सांगतो खरा, पण मला आता फारशी आशा उरलेली नाही. काका वाईट नाहीत. पडदेवालाही वाईट नाही. आमच्या रस्त्यावर वाईट माणूस शोधून सापडायचा नाही, मित्रांनो, आणि तरी ती मुलगी आता सायकलला हात लावत नाही.