संदुकीच्या पुढची जागा

मित्रांनो, मी एक जुनी संदूक आहे, आणि जुनी म्हटलं की लगेच हळहळू नका. माझी कडी अजून घट्ट बसते. नारीनच्या डोंगरातल्या सुताराने मला बुरुलकानच्या लग्नासाठी घडवलं. माझ्यावर गोधड्यांची चळत रचली गेली आणि माझ्या पुढ्यात पाहुणे बसू लागले. आमच्याकडे तीच मानाची जागा.

पुढे बुरुलकान, म्हणजे आमची बुरुल, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. पुस्तकं अपुरी, म्हणून तिने मलाच गाडीवर चढवून वर्गात आणलं. सासू म्हणाली, "लोक संदुकीवर गोधड्या ठेवतात, तू पोरं ठेव." तिने खरंच तेच केलं. मी नाम झाले, 'जुनी' हे माझं विशेषण, मला उघडणं हे क्रियापद. आणि इन, ऑन, अंडर, बिहाइंड ही अव्ययं तर पोरांनी माझ्याभोवती पळूनच पाठ केली. सफरचंद माझ्या आत, टोपी वर, मांजर खाली, आणि मागे लपलेली वर्गातली चिमुरडी कन्यशाय. मला ओरखडे पडले. पडू देत.

मग तालुक्याची परीक्षा आली. प्रश्नपत्रिकेवर एका खोलीचं चित्र होतं, त्यात एक खुर्ची आणि एक संदूक. पाहुणी कुठे बसेल, असा प्रश्न. उत्तर हवं होतं 'खुर्चीवर'. आमच्या अख्ख्या वर्गाने लिहिलं, 'संदुकीच्या पुढे'.

चौकशीला तालुक्याच्या शाळा-तपासनीस झूराकानबाई आल्या. दारात त्यांनी बूट काढले, कन्यशायने पुढे केलेल्या पावाचा तुकडा मोडला आणि बसून घेतलं. मग आवाज चढला. "सगळ्यांची एकच चूक? म्हणजे तुम्हीच उत्तर सांगितलंत. उद्यापासून तुम्ही वर्गावर यायचं नाही. आणि ही पेटी चुलीत घाला, थंडीत जळेल तरी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला जाळा हवं तर, पण बुरुलला खोटं ठरवता?

बुरुल जागची हलली नाही. "एजे, तुमच्यासाठी खुर्ची तिकडे ठेवली होती," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ती म्हणाली. "तुम्ही कुठे बसलात?"

झूराकानबाईंनी भिंतीकडची रिकामी खुर्ची पाहिली. खालची गोधडी पाहिली. त्यांची पाठ माझ्या नक्षीला टेकली होती. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

"पुस्तकात खुर्ची आहे," त्या पुटपुटल्या.

"पुस्तकवाला आमच्याकडे कधी जेवायला आला नसेल."

 मग झूराकानबाईंनी कन्यशायला हाक मारली. "ये गं इकडे. मी कुठे बसलेय? इंग्रजीत सांग." तिने घडाघडा सांगितलं. बाईंनी पेपर मागवले आणि तिथेच, माझं झाकण टेबल करून, सगळे गुण बदलले. बुरुल दुसऱ्या दिवशीही वर्गावर आली.

तेव्हा मित्रांनो, मला जपा म्हणून मी कोणाच्या विनवण्या करणार नाही. एवढंच सांगते, की तुमच्या शाळेतलं काही जुनं मोडीत काढायला कोणी आलं, तर आधी त्याला बसायला सांगा. आणि तो कुठे बसतो, ते नीट बघा.