आधी माझ्यावर चुकून पाहा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि चुका आधी माझ्यावर व्हाव्यात एवढ्यासाठीच मला ठेवलं आहे. सिल्वासाजवळ गलोंड्याला नायलॉनचे दोर वळणारा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात, पाण्याच्या कूलरशेजारी माझं टेबल आहे. माझ्या कीबोर्डवरची काही अक्षरं पुसली गेली आहेत आणि माझा पंखा घरघरतो. लोक हसतात. हसू देत बापडे.

माझी जुळणी वापीच्या एका दुकानात झाली. पहिली आठ वर्षं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. तिथले मधुकरभाऊ रोज सकाळी आधी मला पुसायचे आणि मग चहा प्यायचे. पुढे कारखान्यात नवी सिस्टिम सुरू झाली. माल, पाळ्या, यंत्रांची दुरुस्ती, सगळं एकाच ठिकाणी दिसू लागलं. नवे चकचकीत संगणक आले आणि माझ्यावर फायलींचा ढीग चढला. तेव्हा फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

नवी सिस्टिम एकदा सुरू झाली म्हणजे काम संपलं, असं सर्वांना वाटलं होतं. पण दर महिन्याला तिच्यात सुधारणा येते. तिला अपडेट म्हणतात. पहिलं अपडेट थेट सगळ्या संगणकांवर टाकलं आणि अर्धा दिवस मालाची लेबलंच छापली जाईनात. मग तपासणीचं काम बघणारी रोहिणी म्हणाली, "वेगळा एक संगणक द्या. तो कूलरजवळचा चालेल. तसाही फेकायचाच आहे ना?" शब्द काही फार गोड नव्हते, पण त्यांनीच मला पुन्हा कामाला लावलं.

भिंतीवर वेळापत्रक लागलं. अपडेट आलं की तीन दिवस माझ्यावर चालवायचं, रोहिणीच्या यादीतल्या एक्केचाळीस गोष्टी तपासायच्या, आणि मग सुट्टीच्या दिवशी सगळीकडे टाकायचं. रोहिणी किलवणीहून कंपनीच्या बसने येते. ती बस सव्वातीनला सुटते, म्हणून पावणेतीनला मला बंद करून ती आवराआवर करायची. माझ्यावर पास झालेलं कधी फसत नाही, असं सगळे म्हणायचे. मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

गेल्या महिन्यात अपडेट आलं आणि त्याच आठवड्यात बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. वेळापत्रक सांभाळणारे हर्षल सर घाईत होते. पहिल्याच दिवशी दुपारी एकला रोहिणीची यादी पूर्ण झाली.

"सर, अजून दोन दिवस ठेवू या," ती म्हणाली.

"काही चुकलंय का?"

"नाही."

"मग कशाला थांबायचं? सगळीकडे टाकतो."

दीड वाजता अपडेट सगळीकडे गेलं.

पावणेतीनला गोकुळ फिटर दारात आला. तो नंदुरबारकडचा. "ताई, चार नंबरच्या यंत्राचा गिअरबॉक्स खोललाय. मला चार वाजतील. ड्रायव्हरला सांगा, माझी वाट नको बघू म्हणा." एवढं सांगून तो कामावर परत गेला.

मला बंद करायला रोहिणीने बोट पुढे केलं आणि तिथेच थांबवलं. आमच्याकडे यंत्र दुरुस्तीला काढलं की फिटर पडद्यावर त्याच्यापुढे 'बंद' अशी खूण करतो. ती असेपर्यंत बटण दाबलं तरी यंत्र फिरत नाही. ही खूण तिने माझ्यावर कितीदा तपासली होती, पण प्रत्येक वेळी पावणेतीनच्या आत. तीनला पाळी बदलते तेव्हा त्या खुणेचं काय होतं, ते आम्ही दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिने माझ्यावर चार नंबर 'बंद' केला आणि बसून राहिली. बाहेर बसकडे जाणाऱ्या बायका तिला हाका मारत होत्या.

तीनचा भोंगा झाला. माझ्या पडद्यावरची खूण आपोआप पुसली गेली आणि तिथे हिरवं 'चालू' आलं.

रोहिणी खुर्ची पाडून धावली. मला पाय नाहीत, आवाज नाही. चार नंबर सुरू झाला की माझं टेबल थरथरतं, एवढंच मला कळतं. मी त्या थरथरीची वाट पाहत होतो आणि ती येऊ नये असं मनापासून वाटत होतं. मला भीती वाटली, मित्रांनो.

टेबल हललं नाही.

थोड्या वेळाने सगळे ऑफिसात आले. दुसऱ्या पाळीत चार नंबर चालवणारा समाधान घामाघूम होता. "हिरवा दिवा होता ना ताई. मागे कोणी आहे, मला काय माहीत? बोट बटणावरच होतं, तेवढ्यात तुम्ही ओरडलात." गोकुळ कूलरचं पाणी तीनदा प्यायला. हर्षल सरांनी तिथल्या तिथे अपडेट मागे घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी. तीन दिवस म्हणजे तीन दिवस." रोहिणी म्हणाली, "यादी माझी होती, सर."

आणि मी? मी वर्षभर नुसता पास, पास म्हणत आलो होतो. जेवढं मला विचारलं गेलं तेवढंच मी सांगितलं होतं.

आता मला तीनही पाळ्यांत चालू ठेवतात. यादीत बेचाळिसावी गोष्ट आली आहे आणि ती रोहिणी तपासत नाही. ज्याचा हात यंत्रात जातो त्यानेच ती तपासायची, असं ठरलं आहे. मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मला पुरेसा वेळ द्या. माझ्यावर चुकलेलं पुसता येतं. काल नवं अपडेट आलं. भोंगा झाल्यावरही 'बंद' तसंच राहिलं. गोकुळने ते दोनदा वाचलं, मग ग्रीसने काळी झालेली पाच बोटं पँटला पुसली आणि त्यातल्या एकाने सावकाश माझं 'पास'चं बटण दाबलं.