बाबांसारखं बोलणं

परक्या देशात येऊन राहिलेल्या कुटुंबातल्या थोरलीनं तिथल्या कपड्यांच्या जाहिरातींत चेहरा दाखवला होता, पण चार वाक्यं बोलायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. मालिकेत दुकानदाराच्या मुलीचं काम होतं. दिग्दर्शक म्हणाला, "तुमची माणसं आमची भाषा कशी बोलतात, तसं बोल. लोकांना हसू आलं पाहिजे."

थोरलीला दुसरं काही सुचेना. तिनं बाबांसारखं बोलून दाखवलं, तसंच अडखळत, अर्धी वाक्यं गिळत, उगाच "सर, सर" करत. सगळे पोट धरून हसले आणि काम तिला मिळालं.

मालिका लागली तेव्हा आईनं कौतुकानं शेजाऱ्यांना बोलावलं. थोरलीनं पडद्यावर तोंड उघडताच ते खो खो हसले. बाबाही हसले, मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छान केलंस हो," उठताना बाबा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर औषधं आणायला गेली. काउंटरवरच्या बाईनं काय हवं ते विचारलं. बाबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"तूच सांग गं," ते आपल्या भाषेत पुटपुटले.

थोरलीनं सांगितलं, पण मान काही तिला वर करता आली नाही.