राहिलेला चमचा

“काही खाल्लं-प्यायलं तर नाही ना, आजी?”

“पाण्याचा थेंब नाही तोंडात,” स्तामेना म्हणाली. आणि ओठांच्या कोपऱ्यात लालभडक पाक चमकत होता!

विदोसावा नर्सने वाकून खाटेखाली पाहिलं. रानस्ट्रॉबेरीच्या मुरांब्याची बरणी, चमचा, रिकामे पेले. आमच्या मोरावा नदीच्या काठी आल्यागेल्याच्या हातात आधी मुरांब्याचा चमचा द्यायचा, मग पाणी. नाही म्हणणं म्हणजे अपमान. सकाळीच शेजारीण राइना भेटायला आली होती. स्तामेनाने खाटेवर बसूनच यजमानीणपण मिरवलं आणि तिच्याबरोबर स्वतःही तीनचार चमचे हाणले. मुरांबा म्हणजे काय जेवण थोडंच!

आता पित्ताशयाचं ऑपरेशन. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी छातीत गेली, की कारभार आटोपला. आणि हिने खाल्लंय, हे एकट्या विदोसावाला ठाऊक होतं.

ही बाई एकेकाळी तिची सासू होती. पोटातलं मूल गेलं तेव्हा विदोसावा याच इस्पितळातून भिंतीला धरत घरी पोचली, तर स्तामेना दारात आडवी उभी. “एक पोर धड वाढवता येत नाही, हिला घरात घेऊन करू काय?” पोस्टमनलासुद्धा मुरांबा देणाऱ्या त्या घराने तिला कोरड्या तोंडाने परत पाठवलं. नवरा मिलादिन मागे उभा राहून स्वतःचे बूट बघत होता.

गप्प बस विदोसावा, तुझं काय जातंय? तीच म्हणतेय ना थेंब नाही म्हणून? तिने खाट ढकलायला सुरुवात केली. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आली आणि थांबली. मेली तर सुटेल ही बया. मेलेल्या माणसाला आपण केलेलं काय डोंबल आठवणार?

“डॉक्टर, हिने खाल्लंय. आज नको.”

“खोटारडी!” स्तामेना किंचाळली. “जुना सूड उगवतेय! उपाशी मारतेय मला!”

डॉक्टर गोयकोंनी बरणी पाहिली आणि ऑपरेशन उद्यावर टाकलं.

ते नीट पार पडलं, पण नंतर ताप चढला. दुखतं म्हणून ती खोकेना, आणि छातीत कफ साठत चालला.

“उठा. खोका.”

“टाके तुटतील गं माझे!”

“तुटले तर पुन्हा घालू. उशी पोटाशी दाबा. खोका!”

स्तामेना रडायची, शिव्या घालायची. विदोसावा तिला बखोटीला धरून व्हरांडाभर चालवायची. खरं सांगायचं तर, म्हातारी कळवळली की तिला बरं वाटायचं.

“सूड घेतेयस ना?”

“घेतेय. पाय उचला, आजी.”

“आजी काय गं? सासू आहे मी तुझी.”

“होतात.”

ताप उतरला. घरी जायच्या दिवशी मिलादिन खाली गाडीत बसून राहिला, वर यायची हिंमत झाली नाही त्याची. स्तामेनाने काढून ठेवलेली बरणी मागून घेतली, चमचा भरला आणि त्याखाली तळहात धरून विदोसावासमोर उभी राहिली.

“घे गं. त्या दिवशीचा राहिलाय.”

चमच्यातला पाक तळहातावर ठिबकत होता. विदोसावाने तो बराच वेळ ठिबकू दिला. मग चमचा हातात घेतला आणि स्तामेनाच्याच तोंडात घातला.

“तुम्हाला आता खायला परवानगी आहे,” ती म्हणाली, आणि खाटेवरची चादर काढायला लागली.