दुष्काळातली ओली भिंत

लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते, पण नव्या जिल्ह्याला अजून स्वतःचं छप्पर नव्हतं. कुठलं खातं कुणाच्या माडीवर, कुठलं कुणाच्या गोदामात. लहान मुलांच्या लसी ठेवायची थंड खोली आली ती मल्लिकार्जुनअप्पांच्या डाळीच्या गोदामात, मागच्या कोपऱ्यातल्या दगडी कोठीत. आणि ती बांधायचं काम आलं शिवमूर्तीकडे.

शिवमूर्ती निलंग्याचा. वीस वर्षं नौदलात, त्यातली चौदा पाणबुडीत. पाणबुडीच्या पोलादाला आतून बुचाचा थर लावणं आणि तो राखणं हे त्याचं काम. पाण्याखाली गेलं की सगळा संसार बॅटरीवर. आतली ऊब समुद्रानं ओढून नेली की हीटर लावावा लागतो, हीटर लावला की बॅटरी उतरते आणि बॅटरी उतरली की नको तिथं वर यावं लागतं. म्हणून पोलादाच्या आत बूच, आणि बुचाच्याही आत, माणसांच्या बाजूला, ओल शिरू न देणारं अस्तर. हे त्याच्या हातात असं बसलं होतं की डोक्याला विचारायची गरज पडत नसे.

लातुरात वीज सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. डॉक्टर सिंधु बोधनकरांनी अट एका वाक्यात सांगितली होती.

"दहा तास मशीन बंद राहील, आणि पारा आठच्या वर जाता कामा नये. गेला तर साठा नांदेडलाच राहील."

नांदेडहून जीप निघून निलंग्याच्या खेड्यांत पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं पाणी होई आणि अर्धी लस फेकावी लागे. शिवमूर्तीच्या बहिणीचं, गौरम्माचं, तीन महिन्यांचं पोर दोनदा हात हलवत दवाखान्यातून परत आलं होतं. ही खोली पास व्हावी, एवढंच त्याला हवं होतं.

बूच मिळणार नव्हतं. तुरीची टरफलं दुष्काळात जनावरांच्या तोंडची, त्यांना हात लावायची सोय नव्हती. मग त्यानं देगलूरकडून ट्रकभर भाताचं तूस आणलं. ते गुरंही खात नाहीत. कोठीची दगडी भिंत, तिच्या आत हातभर तूस, तुसाच्या आत प्लास्टिकचा कागद आणि त्यावर सटवाजी सुताराच्या फळ्या. छताला तसंच, दाराला तसंच. पहिल्या आठवड्यात दहा तासांनी पारा सहावर. अप्पांनी पेढे वाटले.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोनलाच पारा अकरावर गेला. आणि गोदामाच्या बाजूनं बघितलं तर भिंतीचा पाया ओला.

दिवस गुरुवारचा. तपासणी सोमवारी.

"सटवाजी, इथं कुणी घागर सांडली का?"

"घागर? अण्णा, टँकर चौथ्या दिवशी येतो. माझी बायको भांडी राखेनं घासून राहिली, अन् मी भिंतीला पाणी पाजू?"

नळ नव्हता. पाऊस मागच्या सप्टेंबरपासून नव्हता. छत कोरडं ठणठणीत. शिवमूर्तीनं एक फळी काढायला लावली. प्लास्टिकचं खोलीकडचं अंग कोरडं. कागद फाडून आत हात घातला तर तुसाचे गोळे झालेले, भिजल्या शेणासारखे. ओलं तूस म्हणजे थंडी बाहेर जायला मोकळी वाट, हे त्याला कळत होतं. पाणी आलं कुठून, हे कळत नव्हतं. चौदा वर्षं चारी बाजूंनी समुद्र असताना त्यानं बूच कोरडं ठेवलं होतं, आणि इथं, जिथं थेंब नाही, तिथं त्याची भिंत भिजली होती.

अप्पांना मात्र लगेच कळलं.

"झरा हाय," ते म्हणाले. "माझ्या बापानं ही जागा घेतली तवाच एक जंगम म्हणाला होता, इथं गंगा हाय म्हणून."

शुक्रवारी भल्या सकाळी ते पाणाड्याला घेऊनच आले. चंद्रप्पानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि पोत्यांच्या थप्प्यांमधून चालू लागला. ओल्या भिंतीपाशी नारळ उभा राहिला. तो मागे सरला, नारळ आडवा. पुढे आला, नारळ उभा.

"पन्नास फुटावर धार हाय अप्पा. लई गोड पाणी."

"उद्या कुदळ लावतो," अप्पा म्हणाले. "शिवमूर्ती, तुझी खोली आठ दिस थांबू दे."

"अप्पा, सोमवारी तपासणी हाय."

"अरे, गल्लीतल्या बायका कोसभर जाऊन राहिल्या अन् तुला तपासणीचं पडलंय! पाणी न्हाई म्हणतोस का तू?"

तो न्हाई म्हणू शकला नाही. पाणी तर त्याच्या हाताला लागलं होतं. कदाचित झरा असेलही. दगडाला ओढ असते, ओल वर चढते. पण मग फरशी कोरडी कशी? ओल खालून आली असती तर आधी फरशी भिजली असती. त्याचं एक मन चंद्रप्पाच्या नारळाकडे जात होतं आणि दुसरं त्याला लाज आणत होतं.

डोकं भणभणलं म्हणून तो थंड खोलीत जाऊन बसला. वीज जायला अजून वेळ होता, मशीन चालू होतं. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, आणि त्याला काही दिसेना. चष्म्यावर दाट वाफ धरली होती.

त्यानं चष्मा पुसायला काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. पाणबुडीतही चष्मा धुरकट व्हायचा. पण तिथं वरच्या गार वाऱ्यातून खाली, आत उतरल्यावर. इथं बाहेर आल्यावर झाला. तिथं ऊब आणि वाफ माणसांपाशी, आत. इथं ऊब बाहेर, गोदामात, साऱ्या लातुरात. गार समुद्र होता तो त्या फळ्यांच्या आत. त्यानं अस्तर समुद्राच्या बाजूला लावलं होतं. बाहेरची हवा दगडांच्या फटींतून तुसात शिरत होती, गार प्लास्टिकला टेकत होती आणि तिथंच तिचं पाणी होत होतं.

"सटवाजी," तो म्हणाला, "मी कागद उलट्या अंगाला लावलाय."

"तुमीच तर सांगितलं हुतं, आतून लाव."

"हाव. मीच."

अप्पांना हे पटेना. शिवमूर्तीनं त्यांना त्यांच्याच चष्म्यासकट खोलीत कोंडलं आणि पाव तासानं बाहेर काढलं.

"दिसंना की रे!" अप्पा थप्पीला धडकले. "काय केलंस?"

"काही न्हाई केलं. पुसा. बोटाला काय लागलं?"

"पाणी." अप्पांनी बोट चोळलं. "कुठलं?"

"हवेतलं."

अप्पांनी बोट नाकापाशी नेऊन हुंगलं. "हवेत पाणी हाय, अन् आडात न्हाई?"

शिवमूर्तीनं भिंतीच्या ओल्या पायाकडे बोट दाखवलं. "मला तीन दिस द्या," तो म्हणाला. "पाया कोरडा झाला तर झरा न्हाई. ओला राहिला तर मी स्वतः कुदळ धरतो."

"अन् नारळ?"

"नारळाचं मला कळत न्हाई, अप्पा."

डॉक्टरीणबाईंना त्यानं दुपारीच जाऊन चूक सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "चौदा वर्षं हेच काम केलंत ना?"

"म्हणूनच चुकलं, बाई."

फळ्या निघाल्या. तूस अंगणात ताडपत्र्यांवर पसरलं. एप्रिलचं ऊन असं की शनिवारी दुपारपर्यंत ते कुरकुरायला लागलं. नवा कागद दगडी भिंतीला लागून, सांध्यांवर डांबर, मग तूस, मग फळ्या. सटवाजी दर खिळ्याला विचारायचा, "अण्णा, हे आत का बाहेर?" आणि शिवमूर्तीही दर खेपेला थांबून, खोलीकडे आणि गोदामाकडे आळीपाळीनं बघून मगच बोलायचा. हात अजून जुन्या बाजूलाच जात होते.

सोमवारी आठला वीज गेली. तपासणीला आलेले औरंगाबादचे साहेब दाराला कागदी सील लावून नाश्त्याला गेले. अप्पा भिंतीच्या पायथ्याशी पोतं टाकून बसले आणि तासातासाला दगडावर तळवा टेकवत राहिले. तळवा दर खेपेला कोरडा.

सहाला सील फाडलं. साहेबांनी तापमापी उजेडात धरली.

"साडेसात."

डॉक्टरीणबाई जीपकडे गेल्या. नांदेडहून आलेल्या पेट्या उतरू लागल्या. साहेबांनी वही काढली. "दुसऱ्या जिल्ह्यांनाही कळवायचं आहे. कागद कुठं लावायचा? आतून की बाहेरून?"

"उबेच्या अंगाला," शिवमूर्ती म्हणाला.

"ते मला कसं कळणार? आत की बाहेर, एक सांगा."

शिवमूर्तीनं खोलीचं दार उघडून धरलं. "साहेब, चष्मा आहे का तुमच्याकडे?"

साहेबांकडे नव्हता. अप्पांनी आपला काढून पुढे केला.