पत्त्याचा रकाना

अर्जावरचा व्हाइटनरचा तो पांढरा डाग वाळून टणक झाला होता, मधोमध एक बारीक भेग गेली होती... नख लावलं तर पापुद्रा निघेल, असं लिओनाला वाटलं आणि तिने हात मागे घेतला. डागावर निळ्या शाईत ‘गोग्रासवाडी, डोंबिवली पूर्व’. अक्षर साईनाथचं. पण व्हाइटनर तिचाच. तो अडखळला तेव्हा ‘दे इकडे’ म्हणत तिनेच ‘मु. पो. खडवली’वर ब्रश फिरवला होता, लवकर वाळावं म्हणून वर फुंकरही मारली होती.

“मिस, पण मी आत्याकडे राहत नाही. गणपतीला जातो फक्त.”

“अरे, कोण बघायला येतंय? खडवली वाचलं की अर्ज बाजूला ठेवतात कंपनीवाले. कसारा लाइनची मुलं म्हणजे रोज उशीर, असं डोक्यात घेतलंय त्यांनी. तू आधी आत तर जा!”

दरवर्षी ती हेच सांगायची. वाशिंदच्या मुलांना, आसनगावच्या मुलींना – ज्याचे काका, मावशी, मामेभाऊ डोंबिवलीत असतील त्याने त्यांचा पत्ता घालायचा. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात नऊ वर्षं घासल्यावर एवढं तर कळतंच. आणि आजवर कुणी पकडलं गेलं नव्हतं, म्हणजे ते बरोबरच असणार, असंही तिने धरून टाकलं होतं.

सकाळी महेंद्रचा फोन आला. मानपाड्याच्या कारखान्यात माणसं नेमणारा महेंद्र याच कॉलेजचा जुना विद्यार्थी, तिने सहा वर्षं जपलेला.

“मिस, पोरगा कामाचा होता हो. मी सहज विचारलं, गोग्रासवाडीतून इकडे कसा येणार? तर म्हणाला, ट्रेनने. मानपाड्याला, डोंबिवलीतल्या डोंबिवलीत, ट्रेन! मग कबूल झाला, खडवलीला राहतो म्हणून. हा पत्ता टाकायला कोणी सांगितलं विचारलं, तर गप्प. मला खोटं बोलणारा नको, मिस. तुमच्या शब्दावर मुलं घेतो मी. गुरुवारी तुमचे सहा जण येतायत ना, ते तरी नीट बघून पाठवा.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. महेंद्र, तो पत्ता मी घालायला लावला... एवढंच तर वाक्य. पण ते सहा जण डोळ्यांसमोर आले – की मीच आले, माझी खुर्ची, माझा शब्द? – आणि तोंडातून निघालं, “मी बोलते त्याच्याशी.” जणू त्याचीच खोड मोडायची होती! मग दिवसभर तिची चिडचिड नुसती. महेंद्रवर, कारण त्याला नेमकं तेच विचारायचं सुचलं. साईनाथवर, कारण रिक्षाने येईन म्हणायला काय झालं होतं मेल्याला? तासाला एक गाडी सोडणाऱ्या रेल्वेवर. आणि दुपारी महेंद्रचा शिपाई नापसंत अर्जांचं पाकीट टाकून गेला, त्या पाकिटावरही.

बावीस वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीच्या अर्जावर तिने ‘बाळकुम गाव’ लिहून खोडलं होतं आणि ‘ठाणे पश्चिम’ केलं होतं. शेजारी बसलेल्या डॅडींनी ते पाहिलं. भाताच्या तुसाने खरखरीत झालेलं बोट त्या खोडलेल्या जागेवर ठेवून म्हणाले, “गावाची लाज वाटली काय गो तुला?” तिने अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला होता. नोकरी मात्र लागली. आता तिथे टॉवर झालेत, बाळकुम सांगितलं की लोक कौतुकाने विचारतात, कोणत्या कॉम्प्लेक्समध्ये? डॅडींना ते सांगायला हवं होतं... पण ते काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तीन वाजता नकार-वाचन. मुलांनी खचू नये म्हणून हा प्रकार तिनेच सुरू केला होता. दर मंगळवारी ज्याला नकार आला त्याने उभं राहून तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. प्राचार्यांना तर तो भारी आवडायचा.

रसिकाने वाचलं, “‘तुमचा अर्ज आम्ही जपून ठेवू.’ तिसरी कंपनी आहे, मिस. जपून ठेवतात कुठे एवढं?” वर्ग हसला. टाळ्या.

मग साईनाथ. अर्ज त्याच्या हातात देताना लिओनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने कोपऱ्यातला लाल शेरा वाचला. “उमेदवाराने पत्ता खोटा दिला. विश्वासार्ह नाही.”

कुणीच हसलं नाही. मागून आवाज आला, “अरे पण खोटा कशाला दिलास रे?”

आता सांगेल. सांग ना – तिला खरोखरच वाटलं, सांगून टाक एकदाचं, म्हणजे मी सुटेन.

“चुकलं माझं,” साईनाथ म्हणाला.

टाळ्या सुरू झाल्या. नियमच होता तो. तिचेही हात वाजत होते, सवयीने, आणि ते थांबवावेत कसे हे तिला कळत नव्हतं.

वर्ग रिकामा झाल्यावर तो टेबलाशी आला. अर्ज ठेवला, चुरगळलेला कोपरा सरळ केला. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, “मिस, उद्या दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरायचाय. पत्ता काय टाकू?”

टोमणा असता तर तिने झेलला असता, रडला असता तर धीर दिला असता, नऊ वर्षं ती तेच शिकवत होती. पण हा नुसता विचारत होता, पेन उघडून, ती सांगेल ते लिहायला तयार. तिला त्याचा भयंकर राग आला. इतकं होऊनही हा माझ्यावर विश्वास ठेवतो म्हणजे काय?

“थांब जरा,” ती म्हणाली.

तो थांबला. समोर फोन पालथा पडला होता. तिचं नख कधी त्या डागाच्या भेगेत शिरलं तिला कळलंच नाही. पापुद्रा निघाला, खालून ‘खड’ एवढी अक्षरं वर आली, आणि तिला आत्ता, या वयात, त्या मुलासमोर लाज वाटत होती – गावाची नव्हे.